धोंडा धरून तीस दिवस

पुष्पलतामावशीने अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर तळहात दाबून धरला आणि म्हणाली, "एक दिस आदीच आणलाय. मुदत उद्या संपते. मागाहून नको बोलूस, मावशी शेवटच्या घटकेला धावत आली."

तिच्या मागे तिचा नवरा एकनाथ उभा होता. सौराष्ट्रातल्या एका बोटीवर तो तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, होता, पावसाळ्यासाठी बोट बंदराला लागली की घरी यायचा. आठवडाभरापूर्वीच आला होता. इस्त्री केलेला शर्ट घालून तो असा अवघडून उभा होता, की जणू शर्ट दुसऱ्याचा आहे आणि तो परत करायचाय. अर्जाखाली त्याने मोठ्या अक्षरांत सही केली होती. सगळं कसं जिथल्या तिथे होतं. फक्त तारीख पाच जून होती, आणि घरपट्टीच्या यादीवर हरकत घ्यायची मुदत आठ मेला संपली होती.

हे तिला सांगायचं काम माझं. मी तेव्हा चिंचणीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात ग्रामपंचायतीचा कारकून होतो. पालघरहून रोज एस.टी.ने यायचो, नाकासमोर चालायचो, आणि नियमाच्या बाहेर कधी पाऊल टाकायचो नाही. एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी घसा खाकरला, समोरचा पेला उचलून पाणी प्यायलो, आणि सांगून टाकलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. राग नव्हता, मी हिशेबात चुकलोय आणि आता मला सावकाश समजवावं लागणार, असा तो चेहरा होता.

"अरे, यादी लागली चैताच्या वद्य नवमीला," ती म्हणाली. "भगवंत शिपायानं दवंडीत सांगितला, एक महिना. मंग वैशाखाची वद्य नवमी. ती उद्या हाय."

"मावशी, मध्ये एक महिना गेला ना?"

"तो धोंडा. तो कोण मोजतो?"

आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्या वर्षी वैशाख दोनदा आला होता. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा. त्या गावात धोंड्याच्या महिन्यात लग्न जमवायचे नाहीत, नवी बोट पाण्यात लोटायचे नाहीत, कुणी काही वायदा केला असेल तर तो महिना वगळूनच धरायचे. धोंडा देवाचा, माणसाच्या व्यवहारातून तो बाद. हे मला माहीत होतं. सरकारी मुदतीलाही कुणी तो नियम लावील, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि तिच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. कारण अख्ख्या गावाचं पंचांग ती होती. भरती किती वाजता, अष्टमीची भांग, म्हणजे समुद्राची मंद भरती, कधी, पाचवीची पूजा कोणत्या दिवशी, हे सगळं लोक तिला विचारायचे. पन्नाशी ओलांडेपर्यंत तिचा एक दिवस कधी चुकला नव्हता.

"सरकार धोंडा पाळत नाय?" तिने विचारलं.

"नाही मावशी. सरकारला सगळे महिने सारखे."

"म्हंजे सरकारला जावय नाय," ती म्हणाली. एकनाथ एवढा मुखदुर्बळ माणूस, पण तोही हसला. धोंड्यात जावयाला अनारसे आणि चांदीचं काहीबाही द्यावं लागतं, त्यावरचा तो टोमणा होता. मला हसू आलं नाही. मला लाज वाटत होती.

लाज वाटायचं कारण सांगायला हवं.

त्या यादीत तिच्या घरासमोर जे नाव चढलं होतं ते माझ्याच हातचं होतं. दर चार वर्षांनी घरांची मोजणी होऊन नव्याने घरपट्टी ठरते. फेब्रुवारीत आम्ही टेप घेऊन घरोघर फिरत होतो. त्या घरावर जुनं नाव होतं देवू पागधरे, म्हणजे एकनाथच्या बापाचं. म्हातारा वारून अकरा वर्षं झाली होती, नाव बदलायचं राहून गेलं होतं. पुष्पलतामावशी त्या दिवशी सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजाराला गेलेली, एकनाथ समुद्रावर. घरात होता एकनाथचा धाकटा भाऊ जानू. बोईसरला कापडाच्या कारखान्यात रात्रपाळी करून नुकताच झोपलेला. डोळे चोळत बाहेर आला. मालक कोण लिहू, असं विचारलं तर म्हणाला, मीच हाय की घरात. मी लिहिलं, जानू देवू पागधरे.

घर कुणाचं ते मला ठाऊक होतं. गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण दुपार व्हायला आली होती, अजून वीस घरं राहिली होती, आणि रकाना कोरा ठेवायचा नव्हता. एवढंच. माणूस वाईटपणाने जितकं नुकसान करतो त्याहून जास्त उन्हाच्या कंटाळ्याने करतो, असं माझं आता मत झालंय.

तिथे आधी देवूची कुडाची झोपडी होती. पुष्पलता लग्न होऊन आली तेव्हा जानू दहा वर्षांचा, आई नसलेला. तिला स्वतःला मूल झालं नाही. तिने जानूला वाढवलं, पालघरच्या आयटीआयला घातलं, सुक्या बोंबलांच्या पाट्या डोक्यावर वाहून त्याची फी भरली. आणि त्याच पाट्यांवर तिने घर बांधलं. पाच वर्षं लागली. एका वर्षी जोतं, पुढल्या वर्षी भिंती, मग दोन वर्षं तसंच, मग मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मागे दोन खोल्या जानूला आणि त्याच्या बायकोला, मंगलाला. शेजारी बोंबील सुकत घालायला अंगण. एकनाथ घरी येईल तेव्हा हातभार लावायचा, पण तो येणार वर्षाचे चार महिने.

मी एप्रिलमध्ये यादी लावली तेव्हा मावशी ती वाचून घ्यायला आली होती. चौथी शिकलेली होती, बोट ठेवून ठेवून तिने सगळी यादी वाचली. आपल्या घराशी थांबली. मी म्हणालो, हरकत घ्या, नाव बदलता येतं, पण देवूचा थोरला मुलगा म्हणून एकनाथची सही लागेल. ती म्हणाली, वैशाखी पुनवेला बोटी येतात, मुदतीच्या आत तो हजर. मला वाटलं पत्र पाठवून बोलावून घेईल. मी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

बरं, जानू असा कपटी माणूस नव्हता. यादीत नाव बघून तोही आधी हसला होता. पण मे महिन्यात बोईसरचा एक ठेकेदार येऊन घराभोवती फिरून गेला. कारखान्यातल्या कामगारांना खोल्या हव्यात, घर पाडून दहा खोल्यांची चाळ उठवू, अर्ध्या तुमच्या अर्ध्या माझ्या. उतारा तेवढा ज्याच्या नावावर त्याची सही लागेल. मंगलाच्या मनात ते भरलं. जानूने वहिनीला सांगितलं, की तुलाही एक पक्की खोली देऊ. ती म्हणाली, "माज्या घरात मला खोली देणारा तू कोण?" जानू म्हणाला, नाव सरकारनं लिवलंय, मी नाय लिवलं. तिथून दोघांचं बोलणं बंद झालं. चूल आधी एक होती, तिच्या दोन झाल्या.

तर आता पाच जूनला ती माझ्यासमोर बसली होती आणि मुदत गेलेली होती. गणपतीनंतर ठेकेदार कागद करणार होता. दुसरी बाई असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता, मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि त्या मी निमूट ऐकल्या असत्या. मावशीने अर्जाची घडी केली.

"हा दरवाजा बंद झाला. दुसरा कुटं हाय ते सांग," ती म्हणाली. "आनि तारीक कॅलेंडरातली सांग. तिथी आता मी नाय धरत."

मी सांगितलं. नव्या आकारणीचं बिल घरी येईल. ते हातात पडल्यापासून तीस दिवसांत पालघरला पंचायत समितीत अपील करता येतं. तीस म्हणजे तीस, त्यात रविवार आला तरी धरायचा, अमावास्या आली तरी धरायची.

"धोंडा आला तरी," ती म्हणाली.

"धोंडा आला तरी."

दहा जूनला सोमवारी मी स्वतः बिल घेऊन तिच्या दारात गेलो. एरवी ते भगवंत शिपायाचं काम, पण ते मी कुणावर सोपवलं नाही. बिल जानूच्या नावाचं. घरातलं माणूस म्हणून तिने सही करून घेतलं. मी बजावलं, दहा जुलै शेवटचा दिवस, लिहून देऊ का. नको म्हणाली. मी उद्याच जाते. मी म्हटलं, अहो इतकी घाई कशाला, परवा लोकसभेचं मतदान, उद्या त्या कचेरीत कुणी कुणाला ओळख दाखवणार नाही.

"एक महिना माज्या हातून गेला," ती म्हणाली. "आता सरकारला एक दिस नाय देयाची."

ती खरंच गेली. निवडणुकीच्या धामधुमीत सगळी कचेरी मतपेट्यांपाठी धावत होती. ती बाकावर बसून राहिली. पुढे मला तिथल्या कारकुनाने सांगितलं, की ह्या बाईने दुपारी डबा उघडून बांगड्याचं कालवण नि भाकरी खाल्ली, त्या वासाने साहेबांच्या खोलीतून विचारणा झाली, आणि मगच तिच्या अर्जावर शिक्का पडला. तो कारकून हे तक्रारीच्या सुरात सांगत होता. मला भारी आनंद झाला.

सुनावणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. नोंदवही घेऊन मलाही बोलावलं होतं. मी, मावशी, एकनाथ आणि जानू, चौघं बोईसरपर्यंत एकाच एस.टी.त होतो. जानू पुढच्या बाकावर, एकटा. मंगला आली नव्हती. बोईसरला गाडी बदलली तेव्हा जानूने न बोलता वहिनीची पिशवी उचलली आणि दुसऱ्या गाडीत ठेवून पुन्हा पुढे जाऊन बसला. तिनेही न बोलता उचलू दिली. दोघांनाही सवयच होती ती.

साहेब घाईत असले तरी माणूस ऐकून घेणारा होता. त्यांनी आधी मला विचारलं, नाव कशाच्या आधारावर लिहिलं. मी खरं ते सांगितलं, की घरात जो भेटला त्याचं लिहिलं. साहेबांनी ते कागदावर टिपून घेतलं. मग त्यांनी मावशीला पुरावा विचारला. विटांच्या पावत्या, कौलांच्या पावत्या, काही. तिच्याकडे एक चिटोरंही नव्हतं.

पण ती डगमगली नाही. तिने उभ्यानेच सांगायला घेतलं. जोत्याचा दगड कोणत्या भरतीला मचव्यातून खाडीत आणला. भिंती कुणी उभारल्या, तो गवंडी मनोरचा, त्याचं नाव काय, तो आज कुठे राहतो. कौलं उतरवताना किती फुटली. चौकट बसवली त्या दिवशी जानूला ताप होता, म्हणून त्याला ओटीवर निजवून तिने चौकटीची पूजा केली. साहेबांनी दोन-तीनदा तिला मधेच अडवून वर्ष विचारलं, तर तिने तिथीसकट सांगितलं. आपण चुकतोय की काय, असं तिच्या मनातही नव्हतं. दीड महिन्यापूर्वी तिथीनेच तिला तोंडघशी पाडलं होतं. पण घराच्या बाबतीत तिथीच खरी होती.

साहेबांनी जानूकडे मान वळवली. "तुम्ही सांगा. घर कुणी बांधलं?"

जानूने माझ्या नोंदवहीकडे पाहिलं. मला वाटलं आता हा म्हणणार, बापाचं घर, बापाच्या जागेवर. तसं तो म्हणू शकला असता आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

"वैनीनं," जानू म्हणाला. मग पुढे, "मला म्हाईत हाय. मी विटा वाहिल्यात."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला बाकी सगळं माफ करून टाकलं. अर्थात माफ करणारा मी कोण, गोंधळ तर माझ्याच लेखणीचा.

साहेबांनी पेन उघडलं. मग थोरला मुलगा म्हणून एकनाथ देवू पागधरे यांचं नाव लावतो, म्हणाले. रीतीप्रमाणे तेच होतं. कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाचं नाव. मावशीने मान हलवली. तिला जानूचं नाव काढायचं होतं, घर पडू द्यायचं नव्हतं, ते झालं होतं. मी नोंदवही मिटायला लागलो.

"माजं नको," एकनाथ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हा माणूस बोलतो हे साहेबांना पहिल्यांदाच कळलं असावं. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"मी आट महिने पाण्यावर असतो, साहेब. माजा नाव लावला तर बिल येल तवा मी नाय, नोटीस येल तवा मी नाय. घर तिचा हाय. तिचाच नाव लावा."

साहेबांनी विचारलं, तसं लेखी द्याल? एकनाथने तिथेच लिहून दिलं, तीन ओळी, मोठ्या अक्षरांत. मावशी तो लिहीत असताना खिडकीबाहेर बघत होती. पदर दोनदा डोळ्यांकडे गेला. मी तिला ओळखत होतो तेवढ्या वर्षांत तिला रडताना बघितलं ते तेवढंच.

येताना एस.टी.त जानू तिच्या शेजारी बसेल असं मला वाटत होतं. तो बसला नाही. बोईसरलाच उतरला, पाळी आहे म्हणाला. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

श्रावणात तो आणि मंगला कुंभवलीला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. भांडण झालं नाही. मंगलाने आपली भांडी तेवढी नेली, जानूने एक ट्रंक आणि लोखंडी खाट. मावशीने त्यांना वर्षभर पुरतील एवढे सुके बोंबील बांधून दिले. जानूने ते घेतले. टेम्पो निघाल्यावर ती ओटीवर बसून राहिली, असं भगवंताने मला येऊन सांगितलं. तो मुळात आनंदाची बातमी म्हणून सांगायला आला होता, की मावशी जिंकली. सांगून झाल्यावर त्यालाही ती तशी वाटेना.

ऑगस्टअखेर पालघरहून आदेश आला. मी तिला निरोप धाडला. ती बोईसरच्या बाजाराला निघालेली, पाटी बाहेर ओट्यावर ठेवून आत आली. मी तिच्यासमोर नोंदवही उघडली, लाल शाईने जुनं नाव खोडलं, शेजारी आदेशाचा क्रमांक घातला आणि मालकाच्या रकान्यात लिहिलं, पुष्पलता एकनाथ पागधरे. तिने बोट ठेवून ते वाचलं. एक एक अक्षर. मग बोट तसंच पुढे सरकवत शेजारच्या रकान्यावर नेलं.

"हा कसला?"

"भोगवटादार. म्हणजे घरात प्रत्यक्ष राहतं कोण. तिथेही तुमचंच नाव लागेल."

"तिथं जानूचा लिव."

मी पेन खाली ठेवलं. हळूच म्हणालो, मावशी, जो राहतो त्याचंच लावावं लागतं, आणि जानू आता कुंभवलीला असतो.

"त्याची खोली मी रोज झाडते," ती म्हणाली. "कंदील हाय, चटई हाय. मंगलेचा आरसा पन हाय, तो तिनं नाय नेला. ऱ्हातो तो तिथं."

"आणि वरून तपासणी आली तर मी काय सांगू?"

तिने माझ्याकडे बघितलं. हरकतीचा अर्ज घेऊन आली होती त्या दिवशीसारखीच, मला सगळं सोपं करून समजवावं लागणार अशा चेहऱ्याने.

"सांग," ती म्हणाली, "कामाला गेलाय."

मी लिहिलं.